खणाची सायकल

मला कुवेतमधून सुखरूप घरी आणलं ते आमच्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरनी. सरकारनं विमानं पाठवली, बसगाड्या लावल्या, त्यांचेही उपकार आहेतच. पण बसच्या पायरीपर्यंत मला पोचवलं ते सिस्टरनी आणि त्यांच्या सायकलनं. म्हणून काय घडलं ते सांगायच्या आधी त्यांना नमस्कार करते. नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि मी तरी त्यांना नावानं कधी हाक मारली होती?

सिस्टर मिरजेकडच्या. कुवेत शहरात दस्मानच्या बाजूला, समुद्राजवळ एक लहान इस्पितळ होतं. तिथल्या ऑपरेशन थिएटरात त्या कितीतरी वर्षं होत्या. मी तिथं फरशी पुसायला. माझी नोकरीसुद्धा इस्पितळाची नव्हे, साफसफाईच्या कंपनीची. सातवीत शाळा सुटली, वडील गेले, पाठीवर भावंडं होती. वेंगुर्ल्याची एक ओळखीची बाई एजंटाकडे घेऊन गेली आणि मी विमानात बसले. विमानात जी भीती पोटात शिरली ती उतरताना बरोबरच उतरली. लिफ्टची भीती, अरबी पाट्यांची भीती, मॅनेजरच्या बुटांच्या आवाजाची भीती. खोलीला कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन ते ओढून बघायची.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक ट्रे पडला. रिकामा होता, पण आवाज असा झाला की मी तिथंच भिंतीला टेकून रडायला लागले. सिस्टर आतून आल्या. बुटक्या, जाड चष्मा, घट्ट अंबाडा.

"पडला?"

"हो."

"मोडला?"

"नाही."

"मग आत्ताच कशाला रडत्येस? मोडल्यावर रड की."

आणि आत निघून गेल्या. दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी मला देऊन म्हणाल्या, "भीती वाटती? वाटू दे. वाटत असताना हात चालतात का तेवढं बघायचं. चालतात नव्हं? मग झालं." त्या दिवसापासून मी त्यांच्या मागेमागे असायची.

आता सायकल. एका इंग्रज डॉक्टरांच्या मुलानं देश सोडताना ती इस्पितळाच्या मागे टाकून दिली होती. जाड टायरांची, डोंगरावर चढवायची सायकल. कुवेतमध्ये डोंगर नाही, पुलाचा चढ हाच काय तो चढ. रंग मळका काळा. सिस्टरनी ती पाहिली, दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाल्या, "अंगलोट चांगली आहे. कपडे चांगले नाहीत."

पुढच्या शुक्रवारी त्या मला घेऊन गॅरेजांच्या वस्तीत गेल्या. गाड्या रंगवणारा एक पाकिस्तानी उस्ताद होता. सिस्टरनी पिशवीतून काय काढावं, तर चोळीचा खण! मोरपंखी अंग, राणी रंगाचा काठ. त्यांच्या आईचा, पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला. उस्तादसमोर तो पसरला आणि म्हणाल्या, "ऐसा रंग होना."

उस्ताद खण बघतो, सायकल बघतो. "बहनजी, ये साइकिल है या दुल्हन?"

"तुम रंग देखो. रिश्ता मैं देखती."

त्यानं रंग कालवला. सिस्टर म्हणाल्या, हिरवा जास्त झाला. परत कालवला. निळा जास्त झाला. तिसऱ्या वेळेला उस्ताद डबा आपटून चहा प्यायला गेला, तर सिस्टर त्याच्या मागे खण घेऊन टपरीवर. शेवटी रंग जमला तेव्हा तो उस्ताद स्वतःच खणावरून बोट फिरवत बसला. म्हणाला, त्याची आईही असलंच काहीसं विणायची.

ते झालं अंग. मग सुरू झाला काठ. ब्रेकच्या वायरींचं आवरण राणी, मुठी राणी, पेडल राणी, पाण्याची बाटली अडकवायची कडी राणी. त्या वर्षी असल्या भडक रंगांची परदेशात फॅशन होती म्हणे, त्यामुळे शहरातल्या एका मलबारी दुकानदाराकडे हे सामान मिळायचं. पण मिळणं वेगळं आणि सिस्टरना पटणं वेगळं. आपल्याकडे बायका ब्लाऊजपीस घेताना कापड दुकानाच्या दारात नेऊन उन्हात धरतात, तसं त्या पेडल दारात न्यायच्या. एका हातात खण, एका हातात पेडल, मान वाकडी. रस्त्यावरचे अरब थांबून बघायचे.

"ट्यूबलाईटीत सगळंच जुळतं," त्या म्हणायच्या. "उन्हात जुळलं पाहिजे."

दुकानदार हुशार होता. एकदा त्यानं राणी रंगाचे ब्रेकचे रबर काढून दाखवले. त्याला वाटलं, बाई खूष होणार. सिस्टरनी ते नखानं दाबून बघितले आणि परत दिले. "काले वाले दो. ये तो खोडरबर है." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "दिसायचं ते मॅचिंग. जीव वाचवायचं ते कुठल्याही रंगाचं चालतं." टायरांनासुद्धा त्यांनी असंच माफ केलं होतं. टायर म्हणजे चप्पल, चपलेला काळा रंग खपतो.

सगळं जुळल्यावर खणाचाच एक तुकडा कापून त्यांनी सीटवर शिवला. जखम शिवायच्या टाक्यांनी, कुठं गाठ दिसत नव्हती. पाडव्याला पार्किंगमध्ये हळदकुंकू वाहून नारळ फोडला. त्या आवाजानं इजिप्तचा पहारेकरी पळत आला. त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून सिस्टर म्हणाल्या, "मबरूक म्हण, आणि जा." तो मबरूक, म्हणजे अभिनंदन, म्हणून गेला.

मराठी लोक सुट्टीच्या दिवशी एखाद्या इंजिनिअरच्या घरी जमायचे. सिस्टर तिथं सायकलवरून गेल्या, डोक्याला राणी स्कार्फ बांधून. पोरं धावत खाली आली, "आंटी, सो कूल!" करत. पण वर बायकांत खसखस पिकली. एक वहिनी म्हणाल्या, "सिस्टर, सगळं झालं. मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या."

"आणा की. मॅचिंग असल्या तर बांधू."

सिस्टरचं लग्न झालेलं नव्हतं आणि टोमणा त्यावर होता, हे मलासुद्धा कळलं. त्यांनी मात्र दुसरी पुरणपोळी मागून घेतली.

मला सायकल शिकवली ती का, हे सांगितलं तर खोटं वाटेल. एक दिवस त्या फार विचारात होत्या. म्हणाल्या, "कसं आहे बघ, साडी नेसली तर आरशात दिसते. सायकल चालवणाऱ्याला आपली सायकल चालताना दिसतच नाही. तू चालव. मी लांबून बघते." मी पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, मी पडेन, सायकल खरचटेल. "तू पडलीस तर औषध आहे इथं. बस वर."

दर शुक्रवारी सकाळी मागच्या पार्किंगमध्ये मी गोल फिरायची आणि सिस्टर भिंतीला टेकून, हात बांधून बघायच्या. मधेच ओरडायच्या, "जरा उन्हात घे! हां. आता सावलीत." मी तोल सांभाळायला शिकतेय, ब्रेक लावायला शिकतेय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. एकदा मी न अडखळता सगळी चक्कर पुरी केली आणि मोठ्या आशेनं त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मागचं चाक फिरताना काठ दिसत नाही. काहीतरी केलं पाहिजे." पुढच्या शुक्रवारी तारांमध्ये राणी मणी ओवलेले होते.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौज शहरात शिरली. त्याबद्दल शहाण्या लोकांनी लिहिलंय, मी काय लिहू? माझ्यापुरतं एवढंच की, आमची खोली सोडून आम्ही इस्पितळातच राहायला लागलो, आणि मी कुलूप ओढून बघायची ती सवय सुटली, कारण कुलूपच उरलं नाही. कितीतरी स्टाफ निघून गेला. थिएटरात सिस्टर दोनच उरल्या: आमच्या, आणि एक साताऱ्याच्या.

पेट्रोल मिळेना, शिपाई गाड्या रस्त्यातून काढून घ्यायला लागले. मग आमच्या सिस्टर सायकलवरून औषधं आणायला निघाल्या. पांढरा युनिफॉर्म, राणी स्कार्फ, मोरपंखी सायकल. लॅबमध्ये एक नाशिकचे टेक्निशियन होते, ते अक्षरशः हात जोडायचे. "सिस्टर, निदान काळा रंग तरी मारून घ्या. किती डोळ्यांवर येते ती!"

"यायलाच पाहिजे. लपत छपत जाणाऱ्याला थांबवून विचारतात, कोण तू? मी लांबूनच दिसते. त्यांचं विचारायचं काम वाचतं."

आणि तसंच झालं होतं. पहिल्या दिवशी एका शिपायानं सायकल मागितली होती. सिस्टरनी त्याच्या मानेकडे बघितलं. मानेवर हे एवढं गळू. तिथंच रस्त्याच्या कडेला वाळूच्या पोत्यांवर बसवून त्यांनी ते फोडलं, धुतलं, पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला परत गेल्या. "गळू कुणाचंही दुखतंच," आम्हाला एवढंच सांगितलं. त्यानंतर त्या वाटेवरच्या चौक्यांवर मोरपंखी रंग दिसला की शिपाई हात हलवून पुढं सोडायचे. "मुमर्रिदा, मुमर्रिदा," म्हणायचे. मुमर्रिदा म्हणजे नर्स.

माझं सगळं अडलं होतं पासपोर्टावर. तो कंपनीच्या मंदूबकडे होता. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणारा माणूस; सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्याच कपाटात. भारतात परतायचा रस्ता म्हणजे बसनं बसरा, बगदाद, मग अम्मान आणि तिथून विमान. आमच्या बसचं ठरलं होतं, पण हातात पासपोर्ट नाही त्याचं नाव मागं टाकत होते. मंदूब सापडत नव्हता. आणि एका सकाळी कंपनीतल्या मुलीचा फोन आला: मंदूब हवल्ली उपनगरात त्याच्या घरी आहे, पासपोर्ट वाटतोय, ज्याचा त्यालाच देतोय, आणि दुपारच्या नमाजानंतर बायकामुलांना घेऊन देश सोडतोय.

बस दुसऱ्या दिवशी होती. मी थिएटरच्या दाराशी गेले. आत एका माणसाचं पोट उघडलेलं. सिस्टर मास्कमधूनच बोलल्या. "सायकल घे. हवल्लीपर्यंत सरळ रस्ता. खुंटीवर स्कार्फ आहे, तो बांध. न विसरता बांध."

"सिस्टर, मला नाही जमायचं. तुम्ही—"

"मी आत्ता हात काढला तर हा माणूस जाईल. तुझे हात मोकळे आहेत. पळ."

मी निघाले. पार्किंगबाहेर मी कधी सायकल नेली नव्हती. रस्ते रिकामे, दुकानांची दारं उचकटलेली, जळलेल्या गाड्या. कोपऱ्यावर वळल्यावर मला वाटलं, अख्खं शहर माझ्याकडे बघतंय. एक तर ही असली सायकल, वर डोक्याला हा असला स्कार्फ. जन्मभर मी अंग चोरून चाललेली. मी थांबले, स्कार्फ सोडला, पिशवीत कोंबला, आणि माझा करड्या रंगाचा रुमाल बांधला. म्हटलं, आता जरा बरं.

पहिल्याच चौकीवर बंदूक आडवी आली. मानेवर पट्टी होती, म्हणजे तोच तो शिपाई. त्यानं सायकलकडे बोट केलं, मग माझ्याकडे, आणि जे काही ओरडला त्यातलं मला एवढंच कळलं की, मुमर्रिदा कुठं आहे? तिचं काय केलंस? ही सायकल तुझी नव्हे. दुसऱ्यानं हँडल धरलं. त्याला वाटलं मी चोरली. मी "सिस्टर, सिस्टर" म्हणत राहिले, पोट कापल्याची खूण केली, तर तो आणखीच भडकला! त्याला वाटलं असणार, सिस्टरनाच मारलं हिनं.

सूर्य वर चढत होता. हवल्लीत मंदूब गाडीत सामान भरत असणार. शिपाई माझ्या डोक्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणत होता, सारखं डोक्याकडे. आणि मग माझ्या ध्यानात आलं. मॅचिंग नव्हतं! रोज येणाऱ्या बाईचं सगळं सायकलीशी जुळायचं, माझं करडं डोकं जुळत नव्हतं. मी पिशवीत हात घातला, तशी बंदूक छातीशी आली. मी स्कार्फ हळूच बाहेर ओढला. राणी. करडा रुमाल काढला, स्कार्फ बांधला. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग त्याच्या मानेकडे बोट करून, गळू फोडल्याची खूण केली आणि म्हटलं, "सिस्टर. माझी सिस्टर."

तो दोन पावलं मागं गेला. मान वाकडी करून त्यानं मला बघितलं, सायकल बघितली, परत मला बघितलं. अगदी पेडल उन्हात धरल्यासारखं. मग हसला. पहिल्यांदा मला दिसलं की तो माझ्याच वयाचा होता. दुसऱ्याला हँडल सोडायला सांगितलं आणि मला पुढं जायची खूण करत म्हणाला, "याल्ला, याल्ला." पुढच्या चौक्यांवर नुसते हात हलले.

मंदूबच्या गाडीवर गाद्या बांधून झाल्या होत्या. बायको पुढं बसलेली. त्यानं मला बघून कपाळावर हात मारला, परत उतरला, डिकीतली पिशवी उपसली आणि माझा पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला. फोटोत मी होते, घाबरलेली. मी त्याला सलाम केला, त्यानं मला केला.

परत येताना इस्पितळाच्या फाटकातच पडले. चौक्यांवर नाही, खड्ड्यात नाही, फाटकात. एक मूठ फाटली, पेडलचा रंग निघाला. सिस्टर थिएटरातून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. मी पेडल धरून रडतेय.

"पासपोर्ट दाखव."

दाखवला.

"हां. आता गुडघा दाखव. सायकलीचं मी बघते."

गुडघा धुताना मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही पण चला ना उद्या. सगळेच चाललेत."

"आणि इथं उघडलेली पोटं कोण धरणार? ती साताऱ्याची एकटी? तिला तर झोप फार." हसल्या. मग पट्टी बांधताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरी पोचलीस की आईच्या शेजारी झोप. चार दिवस उठूच नको."

मी घरी पोचले. चार दिवस उठले नाही. मग महिने गेले, इकडे रेडिओवर युद्ध सुरू झालं, संपलं, तेलाच्या विहिरी पेटल्या. सिस्टरचं काही कळेना. ९१ च्या पावसाळ्यानंतर साताऱ्याच्या सिस्टर सुट्टीवर आल्या, तेव्हा मी एसटीनं त्यांच्या घरी गेले. दारातच विचारलं, "आहेत?"

"आहेत की! माझ्यावर ओरडायला आहेत."

मग त्यांनी सायकलीचं सांगितलं. हिवाळ्यात इस्पितळाचं स्टोअर लुटलं गेलं. पाय मोडलेली माणसं येत होती आणि पाय ताणून टांगायला ना दोर, ना चाकं. आमच्या सिस्टर पाना घेऊन बसल्या. गियरची लहान चाकं काढून खाटेच्या दांडीला लावली, ब्रेकच्या वायरी त्यावरून ओढून खाली वाळूच्या पिशव्या बांधल्या. बाटलीची कडी खांबाला उलटी ठोकली, तिच्यात सलाईनची बाटली. ट्यूब कापून त्याच्या पट्ट्या केल्या. शेवटी मोरपंखी सांगाडाच एका खाटेला उभा बांधला, कारण त्या खाटेचा पाय गेला होता. साताऱ्याच्या सिस्टर म्हणाल्या, "भर दुपारी बाहेर धुरानं काळोख, आत सगळं पांढरं-करडं, आणि एका रांगेत खाटांना राणी रंगाच्या वायरी. एक इराणी म्हातारा म्हणायचा, माझ्या खाटेला लग्नाची सजावट केली. आणि ही बाई काय म्हणाली ठाऊक आहे? एका खाटेचं सामान दुसऱ्या खाटेला लावायचं नाही, सेट मोडतो!"

आम्ही दोघी हसलो.

"निरोप आहे तुला," त्या म्हणाल्या. "नवी सायकल करणार आहेत. पण रंग ठरवत नाहीत. म्हणाल्या, त्या पोरीला विचार. ती म्हणेल तो."

मला? शाळेचा झगा निळा, तो शाळेनं ठरवला. साड्या आईच्या जुन्या. कंपनीचे कपडे करडे. मला आजवर रंग कुणी विचारला नव्हता. तेव्हापासून मी कापडाच्या दुकानांसमोर उभी राहते. सकाळी वाटतं अबोली. दुपारी वाटतं, नको, सुरंगीचा पिवळा बरा. संध्याकाळी दोन्ही नकोसे वाटतात. आई म्हणते, पोरीचं डोकं तिकडेच राहिलं.

साफसफाईच्या कंपन्या परत माणसं घेतायत. मी नाव दिलंय. त्या दिवसापासून आई माझ्याशी धड बोलत नाही, आणि भीती मलाही वाटते, पण नाव दिलंय. सिस्टर, रंग अजून ठरत नाही, तेवढा थोडा वेळ द्या. त्या नव्या सायकलीचा पहिला नट माझ्या पगारातून येईल, आणि शेवटचाही. कितीही वर्षं लागोत. तुम्ही मला घरी पोचवलंत. एक दिवस मी तुम्हाला परत सायकलवर बसवीन.